चेसीची चव

आमच्या वारंगा फाट्यावर एक माणूस ट्रक चाटायचा.

हे सांगितलं की नातवंडं आधी हसतात आणि मग माझ्याकडे काळजीने बघतात. परवा धाकट्या नातीने गाडी घेतली. शोरूमवाल्याने गाडीला खालून कसलासा काळा लेप लावून दिला, गंज चढू नये म्हणून. ती कौतुकाने सांगत होती. मी विचारलं, "लावायच्या आधी कुणी चाटून बघितलं का?" ती म्हणाली, "आजी, आजच्या गोळ्या घेतल्यास ना?" घेतल्या होत्या बाई, सगळ्या घेतल्या होत्या. पण ऐन तारुण्यात जिने ट्रकच्या पोटाखाली आडवं होऊन लोखंडाची चव घेतली आहे, तिच्या तोंडून दुसरं काय निघणार?

त्या ट्रक चाटणाऱ्याला सगळा फाटा नायक म्हणायचा. तांड्याचा खरा नायक, म्हणजे मुखिया, वेगळा होता, गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हा मात्र ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरून तांबडा पटका बांधून असा चालत यायचा की हमरस्ता याच्या बापजाद्यांनीच बांधलाय. हातात चांदीचं कडं, मिशीला कायम गाडीचं तेल. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा नाही, पायाकडे बघायचा. जनावराची पारख पायावरून होते, म्हणायचा, माणसाची पण तिथूनच करावी.

त्याचा ट्रक माझ्यापेक्षा वयाने मोठा होता. पुढे लांब नाक असलेला, जुन्या जमान्यातला. वसमतच्या बाजारातून हळदीची पोती भरून तो गुजरातकडे जायचा. येताना बाकीचे गाडीवाले फरशी आणत, कापडाच्या गाठी आणत. हा मीठ आणायचा. जाडं, ओलसर मीठ. मिठाची पोती वाटभर पाझरायची, ते पाणी हौद्याच्या फळ्यांतून खाली चेसीवर ठिबकायचं. चेसी म्हणजे ट्रकचा कणाच. सगळी गाडी त्या दोन लांब लोखंडी तुळयांवर उभी. मीठ त्या तुळया खात बसायचं.

"बा, दुसरं काही बी भरू," त्याचा पोरगा म्हणायचा. गाडी तोच चालवायचा. "समदी दुनिया फरशी आनून राहिली."

"आपल्या मान्सांनी बैलाच्या पाठीवर मीठ आनलं," नायक म्हणायचा. "समुद्राकडं जायचं आन् मीठ न आनता यायचं? पाहुना रिकाम्या हातानं घरी आल्यावानी वाटतंय ते."

आणि गाडीत मीठ भरलेलं असेपर्यंत तो स्वतः अळणी जेवायचा. भाकरी अळणी, वरण अळणी. पोरगा गुजरातहून निघाला असेल असा अंदाज बांधून हा इकडे तांड्यावर मीठ सोडायचा. मी एकदा विचारलं, काहून हो? तर म्हणाला, "गाडी मीठ खाऊन राहिली ना तिकडं. एका घरात दोघांनी एकदाच मीठ खायचं न्हाई."

मी वसमतची. त्यात मॅट्रिक पास. लग्न होऊन फाट्यावर आले तेव्हा माझं नाक इतकं वर असायचं की हमरस्त्याची धूळ आधी माझ्याच नाकात जायची. आमच्या मालकांचं वेल्डिंगचं दुकान रस्त्याला लागून, मागे घर, आणि घरामागे विहीर. फाट्यावर बाकी सगळीकडे बोअरचं खारट पाणी. गोडं पाणी आमच्याच विहिरीला. त्या पाण्यामुळे नायक आमच्या घरचाच झाला होता. गाडी आली की पोती उतरवायची आणि तशीच ती आमच्या विहिरीशी आणून उभी करायची. आधी चेसी धुवायची, मग माणसांशी बोलायचं.

लग्नानंतर आठवडाभरात मी विहिरीवर गेले, तर ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले. मला वाटलं, कुणीतरी गाडीखाली आलं. घागर टाकून मी किंचाळले. पाय हलले नाहीत. आतून आवाज आला, "वरडू नको. चव बिघडती."

मी वाकून पाहिलं. एक म्हातारा पाठीवर आडवा झाला होता. डोळे मिटून, जीभ बाहेर काढून तो लोखंडाला लावत होता. सवाष्णीने आमटी हातावर घेऊन मीठ बघावं तितक्या सावकाशीने. मग थुंकला आणि म्हणाला, "अजून खारट हाय. दोन घागरी दे."

तो कोण, मी कोण, काही नाही. दोन घागरी दे! आणि माझ्यासारख्या मानी बाईने काय करावं? दोन घागरी दिल्या.

त्याची रीत ठरलेली होती. आधी गोड्या पाण्याने धुवायचं. बोअरच्या पाण्याने धुतलं तर मीठ मिठाच्या भेटीला येतं, असं तो म्हणायचा. मग चाटायचं. चव गोडी लागेपर्यंत धुवायचं आणि चाटायचं. मग दिवसभर गाडी उन्हात. तारेच्या ब्रशने गंजाचे पापुद्रे काढायचे. आणि शेवटी त्याचं औषध. इंजिनातलं जळकं तेल, एरंडेल, आणि ओंजळभर हळद, सगळं चुलीवर गरम करून चिंधीने चेसीला चोळायचं. ओल्यावर कधी चोळायचं नाही, मीठ आत कोंडलं जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हळद मात्र कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी तेव्हा त्याला शिकवायला गेले. पदर खोचून, अगदी फळ्यापाशी उभी राहिल्यासारखी. "नायकबाबा, लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. हळदीचा त्यात काही संबंध नाही."

"जखमेवर हळद लावती का न्हाई तू?"

"ही जखम नाही, लोखंड आहे."

"लोखंडाला जखम व्हत न्हाई, असं कोन्या पुस्तकात हाय?"

"पण शास्त्र..."

"बरं, मंग तू एक काम कर. वारा बंद कर. तेवढं जमलं की मला सांग. आन् घागर भर, म्याट्रिक."

त्या दिवसापासून मी म्याट्रिक झाले. सासरचं नाव सुद्धा इतक्या लवकर चिकटलं नव्हतं.

पण मला ते डाचत राहिलं. जिभेला खरंच कळतं का? की म्हातारा उगीच नाटक करतो? एका दुपारी गाडी धुऊन उभी होती, नायक तांड्यावर जेवायला गेला होता, अंगणात कुणी नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं, नऊवारी सावरली आणि गाडीखाली शिरले. जीभ लावली. पहिल्यांदा नुसतं लोखंड लागलं. तांब्याचा पेला तोंडात धरल्यासारखं. मग थोडं मागे सरकून, मागच्या पाट्यांपाशी, म्हणजे स्प्रिंगांपाशी लावली. खारट! स्पष्ट खारट. मला इतका आनंद झाला की मी आणखी एकदा चाटलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. "अगं माय माय माय!"

माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्यासोबत औंढ्याच्या दर्शनाहून आलेल्या दोन पाहुण्या. तिघी वाकलेल्या, आणि मी ट्रकखाली जीभ बाहेर काढून.

मी काय सांगणार? लोखंडाची परीक्षा घेत होते म्हणून? मी जीभ आत घेऊन पदर तोंडाला लावला. आणि आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचा राग बघताबघता विरघळला. त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "पहिलटकरनीला माती खावी वाटती, भिंत चाटावी वाटती. आमच्या सुनंला लोखंड लागून राहिलं. पोरगंच हुईल!"

मला दिवस गेले नव्हते. तसं काही नव्हतंच. पण नवी सून, समोर सासू, आणि वर पाहुण्या. बोलणार कोण? संध्याकाळपर्यंत सगळ्या फाट्याला कळलं. चिंचा आल्या, करंज्या आल्या, चहाच्या हॉटेलवाल्या चाचांच्या घरून शिरखुर्मा आला. आमचे मालक तर इतके गोंधळले की दुकानात उलटा चष्मा लावून वेल्डिंग करायला बसले. मी पुढचे पंधरा-वीस दिवस कामाला हात न लावता चिंचा खात बसले. मग आपोआपच सगळ्यांना कळलं. आत्याबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

नायक तेवढा बोलला. गाडी लावून माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "मागल्या पाट्यापाशी खारट लागलं का न्हाई?"

"लागलं."

"व्हय. तिथं राहतंच." आणि पहिल्यांदाच मला घागर भरायला न सांगता स्वतः पोहरा सोडला.

आमच्या मालकांचं आणि त्याचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. चेसीला तो आग लावू द्यायचा नाही. कुठे पातळ झालेलं दिसलं की मालक म्हणायचे, "नायकबाबा, पट्टी जोडून देतो." हा म्हणायचा, "आगीनं लोखंड भितं. भेलेलं लोखंड दुसरीकडं तुटतं." आयुष्यभर विहीर आमची वापरली, पण वेल्डिंगचं काम म्हणून आमच्या दुकानाला दिलं नाही. मालक चिडायचे आणि मग त्याच्याचसाठी चहा सांगायचे.

त्याचा आणि पोराचा एक करार होता. पोराला नवी गाडी घ्यायची होती. नायक म्हणायचा, चेसी धड आहे तोवर गाडी धड आहे. शेवटी ठरलं असं: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, लोक बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात त्या वेळी, पोराने हातोडी घ्यायची आणि चेसीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत जायचं. लोखंड वाजलं तर गाडी बापाची. हातोडी आत घुसली तर गाडी पोराची. भंगारात घालो नाहीतर काही करो. मधल्या वर्षात कुणी हातोडी लावायची नाही.

तो आमच्या अंगणातला सणच होता. पोरगा गाडीखाली, नायक बाहेर दगडावर बसून डोळे मिटून ऐकतोय, आम्ही सगळे उभे. ठण, ठण, ठण. एका तालात. शेवटचा ठोका वाजला की नायक पटका नीट करायचा, गाडीला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचा आणि बैलाचे खांदे मळावेत तसं स्वतःच्या हाताने चेसीला औषध चोळायचा. पोरगा हातोडी टाकून म्हणायचा, "अजून एक साल गेलं बघा, वैनी. हा म्हातारा काही गाडी मरू देत न्हाई." तोंड वाकडं करायचा. पण डोळ्यांत मला कधी राग दिसला नाही.

अशी किती वर्षं गेली. माझ्या केसांत पांढरं आलं, पोरं शाळेतून कॉलेजात गेली, रस्ता रुंद झाला. आणि एकदा नायकाने नेहमीसारखी गाडी धुतली, चाटली, म्हणाला, "गोडी झाली," आणि उन्हात सोडून गेला. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर वाळलेल्या लोखंडावर पांढरी कणी उमटलेली. भाकरीवर पीठ भुरभुरावं तशी. मीठ.

तो आला, त्यानेही पाहिलं. एक कणी बोटाने उचलून जिभेवर ठेवली. मग विहिरीच्या कठड्यावर बसला.

"म्याट्रिक, जीभ गेली."

"कुठं गेली? चांगली चालून राहिली की."

"बोलती. चव सांगत न्हाई. घरी बी लई दिसापासून काही कळत न्हाई. सुनंला सांगितलं न्हाई. तू बी कोनाला सांगू नको." आणि मग, माझ्या पायांकडे न बघता तोंडाकडे बघून, "तू बघशील का?"

त्याने माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. पाणी तो मागायचा नाही, घ्यायचा.

तर पोरांची आई झालेली, सांधे कुरकुरणारी मी पुन्हा ट्रकखाली जायला लागले. आत्याबाई तेव्हा खाटेला खिळल्या होत्या. खिडकीतून त्यांना दिसायचं. एकदा मालकांना म्हणाल्या, "अरे, तिला विचार बाबा एकदा. या वयात?"

मी चाटायची आणि सांगायची. इथं गोड. इथं गोड. इथं खारट. आणि मागच्या पाट्यांपाशी, डाव्या बाजूला, कितीही धुतलं तरी खारटच. दहा घागरींनीही खारट. मग मी टॉर्च लावून नीट पाहिलं. तिथे चेसी आतून पोकळ होती आणि तळाशी बारीक भोकं होती, आत गेलेलं पाणी निघून जावं म्हणून. नायकाच्या औषधाने ती बुजली होती. वर्षानुवर्षांचं तेल, एरंडेल आणि हळद मेणासारखी घट्ट बसली होती. मीठ बाहेरून येत नव्हतं. आत साचलं होतं आणि जायला वाट नव्हती.

"तुमच्या औषधानं भोकं बुजली, नायकबाबा. आतून खाऊन राहिलं."

"माझ्या औषधानं?"

"व्हय."

तो उठला, पटका झटकला आणि गेला. त्यानंतरच्या खेपेला गाडी आमच्या विहिरीवर आलीच नाही. बोअरच्या पाण्याने धुतली म्हणे! मला वाटलं, संपलं. पुढच्या खेपेला आला. आल्या आल्या गाडीखाली शिरला आणि तार घेऊन एकेक भोक मोकळं करत राहिला. डावीकडच्या भोकातून तांबडं पाणी आलं आणि मागोमाग लोखंडाचा चुरा, कुजलेल्या पानांसारखा.

"हातोडी लावून बघा ना तिथं," मी म्हणाले.

"पोळ्याच्या आधी हातोडी न्हाई." मग हळूच, "पोळ्याला काय ते कळंल."

तो पोळा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. संध्याकाळ झाली होती, गावाकडून बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. नायक दगडावर बसला, डोळे मिटले. पोरगा हातोडी घेऊन खाली गेला. मी मुद्दाम डाव्या बाजूला वाकून उभी राहिले. ठण. ठण. ठण. हातोडी मागे मागे सरकत पाट्यांपाशी आली.

आणि पोराने हात वर उचलला, ती वीतभर जागा तशीच सोडली, आणि पलीकडे ठोका मारला. ठण.

म्हणजे त्याला ठाऊक होतं! मला तेव्हा इतकं हलकं वाटलं की काय सांगू. म्हातारा वाचला, गाडी वाचली, मी जिभेवर कुलूप लावणार, मालक काही बोलणार नाहीत. अजून एक वर्ष.

"थांब," नायक म्हणाला.

हातोडी थांबली.

"एक गिळलास तू."

"न्हाई बा. समदे मारले."

"माझी जीभ गेली. कान हायेत." तो उठला. गुडघे धरून गाडीखाली गेला. पोराच्या हातातून हातोडी घेतली. पोरगा म्हणाला, "बा, राहू द्या ना. काहून करून राहिले? आजचा दिस चांगला हाय." नायकाने ऐकलं नाही. त्याने जागा शोधली नाही, हात थेट तिथेच गेला. ठोका मारला. आवाज झालाच नाही. हातोडी ओल्या भिंतीत जावी तशी आत गेली आणि तिथेच अडकली.

दोघे गाडीखाली बसून राहिले. बाप आणि लेक, मधे अडकलेली हातोडी.

"कवापासून ठाऊक व्हतं तुला?"

"दोन-तीन पोळे झाले. तवा तिथला ठोका बाजूच्या लोखंडावर मारत व्हतो."

"आन् तू हळद भरून घाट उतरत व्हता? ही असली गाडी घेऊन?"

"हळू उतरत व्हतो, बा."

नायकाने त्याच्या खांद्यावर एक थापट मारली. जोरात. मग दुसरी, पण ती अर्ध्यातच थांबली आणि हात खांद्यावर तसाच राहिला. "लेकरं हायेत ना रं तुला," तो म्हणाला. "मिठानं गाडी खाल्ली असती, मला चाललं असतं. तू सोताला काहून खाऊ घालत व्हता?"

मी तिथून हलायला हवं होतं. हलले नाही.

नायक बाहेर आला. पटका सुटला होता, तो त्याने बांधला नाही, खांद्यावर टाकला. आमच्या मालकांना म्हणाला, "गॅस हाय का भरलेला?"

मालकांना आधी कळलंच नाही. मग कळलं, गाडी कापायला सांगतोय. "उद्या पोळा आहे, नायकबाबा. परवा बघू. आज इथंच राहू द्या."

"काप परवा. पन आज ती तुझ्या दुकानाच्या आत न्यायची. इथं ठिवली तर सकाळी हा चावी लावून तिला गावात मिरवायला न्यायचा. मी ओळखतो ह्याला."

"बरं," पोरगा म्हणाला आणि दरवाजा उघडायला गेला. "लावतो आत."

"तू न्हाई!" नायक इतक्या जोरात ओरडला की चाचांच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. "तू हिच्यात बसायचं न्हाई. एक पाऊल बी न्हाई. ढकला."

दुकान पन्नास पावलांवर होतं. सुरू करून नेली असती तर बिडी पेटवायच्या आत पोचली असती. पण नायकाने चावी काढून कमरेला खोचली होती. हॉटेलातली माणसं आली, चाचा आले, माझी दोन्ही पोरं आली, मालक आले. पोरगा मागे फाळक्याला खांदा लावून उभा राहिला आणि मी त्याच्या शेजारी. बायकांनी गाडी ढकलायची नसते, असं कुणीतरी म्हणालं. बायकांनी गाडी चाटायचीही नसते, मी म्हणाले, आणि पदर खोचला.

वळवायला स्टेअरिंगवर कुणीतरी हवं होतं. नायक स्वतः चढला. त्याला चढायला वेळ लागला, कुणी हात दिला नाही, द्यायची हिंमत नव्हती.

पोराचे खांदे हलत होते. मी विचारलं, "रडून राहिलास का रे?"

"न्हाई वैनी. डोळ्यात गंज गेला."

आम्ही जोर लावला. सगळ्यांना वाटलं होतं, इतकं जुनं धूड, इंचभर हलणार नाही. ते हललं. इतक्या सहज निघालं की आम्हीच पुढे झुकलो आणि त्याच्या मागे पळायला लागलो, आणि पुढून खिडकीबाहेर मान काढून नायक ओरडला,

"हळू रे भडव्यांनो! इंजन बंद हाय, ब्रेक लागत न्हाई हिला!"